हलतं चित्र, स्थिर भिंत : वाचकांचे प्रश्न

२८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसच्या म्युझे ग्रेव्हँ या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयात एमिल रेनो याने हाताने रंगवलेल्या चित्रांच्या लांबलचक पट्ट्या आरशांच्या साहाय्याने पडद्यावर हलवून दाखवल्या. ल्युमिएर बंधूंच्या पॅरिसमधल्या सिनेमाच्या गाजलेल्या खेळाला तेव्हा तीन वर्षं अवकाश होता. रेनोच्या खेळाचा तो दिवस आता आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त शाळेत, ग्रंथालयात छोटं प्रदर्शन मांडू पाहणाऱ्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांनी पुठ्ठ्याचा झोएट्रोप, म्हणजे फटींमधून आतली चित्रं हलताना दाखवणारं फिरतं पिंप, केला. फिरवल्यावर धावणारा घोडा दिसण्याऐवजी नुसता करडा पट्टा दिसतो. कुठे चुकतं? (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा)

बहुतेक वेळा चूक फटीत असते. फट रुंद केली की आत जास्त उजेड दिसतो, म्हणून मुलं हौसेने ती १ सेंटिमीटरची करतात. फट डोळ्यासमोरून सरकत असताना आतलं चित्रही सरकत असतं. फट जितकी रुंद, तितका वेळ ते सरकताना दिसतं आणि फासलं जातं. फटीची रुंदी ३ ते ४ मिलिमीटरच ठेवा.

२४ सेंटिमीटर व्यासाचं पिंप धरू. परीघ ७५.४ सेंटिमीटर, फटी १२, म्हणजे दोन फटींमधलं अंतर सुमारे ६.३ सेंटिमीटर. यात ३ मिलिमीटरची फट म्हणजे जेमतेम विसावा हिस्सा उघडा. चित्र साफ दिसेल, पण उजेडही विसाव्या हिश्श्याइतकाच पोचेल. यावर उपाय म्हणजे वरून टेबललॅम्प सरळ पिंपाच्या आत सोडणं. पिंपाची बाहेरची बाजू मात्र काळी आणि अंधारात हवी. बाहेरचा पुठ्ठा पांढरा असला की डोळा त्याच्याच उजेडाने दिपतो आणि फटीतलं काही दिसत नाही. आतला फटींचा पट्टाही काळाच हवा. काळा रंग चकचकीत नको. पोस्टर कलर चालतो, ऑइलपेंट नको.

मापं अशी घ्या. पिंपाची उंची १८ सेंटिमीटर. खालच्या साडेआठ सेंटिमीटरमध्ये चित्रपट्टी. तळापासून १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान फटी. वरचे ३ सेंटिमीटर अखंड ठेवा, नाहीतर कड लुळी पडते आणि फटी तिरक्या होतात. नेहमीचा कार्डशीट ५६ × ७१ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे एका तुकड्यात परीघ बसत नाही. दोन तुकडे २ सेंटिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवा आणि सांधा दोन फटींच्या मधोमध येईल असं बघा. फटी कागद सपाट असतानाच कापायच्या, गुंडाळल्यावर नाही.

चित्रपट्टीची घरं पट्टीने मोजू नका. ६.३ सेंटिमीटर बारा वेळा मोजले तर ७५.६ होतात, म्हणजे २ मिलिमीटरची चूक शेवटच्या घरात जमा होते आणि दर फेरीला घोडा एकदा ठेचकाळतो. पट्टी पिंपाच्या आत गुंडाळून नेमकी लांबी कापा. मग तिची निम्म्यात घडी, पुन्हा निम्म्यात, आणि मग तीन समान घड्या. बारा घरं बिनचूक मिळतात.

आता घोड्याबद्दल. जवळची फट एका दिशेला जाते आणि समोरच्या भिंतीवरचं चित्र उलट दिशेला. त्यामुळे चित्र आडव्या बाजूने आक्रसतं, साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश रुंदीचं दिसतं. मुलांनी गोल चेंडू काढला तर आत उभं अंडं दिसेल. म्हणून सगळी चित्रं सुमारे दीडपट रुंद काढा. आधी एका पट्टीवर नुसती वर्तुळं काढून फिरवा, किती पसरवायचं ते पाच मिनिटांत कळेल.

१२ फटी आणि १२ चित्रं असली तर घोडा जागच्या जागी धावतो. त्याच लांबीत १३ चित्रं बसवली तर सगळी रांग पिंपाच्या फिरण्याच्या दिशेने पुढे सरकते, ११ बसवली तर मागे. एका फेरीत बरोबर एका घराइतकी. तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवा. मुलं गणित स्वतःच शोधून काढतात.

पिंप डगमगत असेल तर टाचणी-मण्याची जुळणी सोडून द्या. स्केटिंगच्या चाकात येतं ते ६०८ क्रमांकाचं बेअरिंग घ्या : आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. जाड प्लायच्या ठोकळ्याला सुताराकडून २२ मिलिमीटरचं भोक पाडून त्यात ते घट्ट बसवा. पिंपाच्या तळाला ६ मिलिमीटर प्लायची चकती आणि तिच्या मध्यातून ८ मिलिमीटरचा बोल्ट. चकती आणि बेअरिंग यांच्यामधली वॉशर फक्त आतल्या कड्याला टेकेल इतकी लहान हवी. मोठी वॉशर बाहेरच्या कड्याला घासली की पिंप दोन फेऱ्यांत थांबतं.

वेग सेकंदाला एक फेरी, म्हणजे १२ चित्रं. मुलं जोरात फिरवणारच. फिरवू द्या, पिंप मंदावत येतं तेव्हा घोडा आपोआप दिसू लागतो. फटी जमिनीपासून ११० ते ११५ सेंटिमीटरवर ठेवल्या तर तिसरी-चौथीच्या मुलांच्या डोळ्यांना जुळतं. मोठ्यांनी वाकावं.

एक इशारा. फटींऐवजी लुकलुकणाऱ्या दिव्याचा झोएट्रोप करायचा मोह होतो, मोबाइलचा फ्लॅशही तसा लुकलुकवता येतो. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा तीव्र प्रकाश काही जणांना अपस्माराचा झटका आणू शकतो, आणि आपल्याला लागणारा १२ चा वेग बरोबर त्या टप्प्यात येतो. असा दिवा लावायचाच असेल तर वेगळ्या खोलीत लावा आणि खोलीच्या बाहेर ठळक पाटी लावा. शाळेत फटींचाच बरा.

प्रश्न : विज्ञानाच्या पुस्तकात दृष्टिसातत्य दिलं आहे. प्रतिमा डोळ्यांत एक सोळांश सेकंद टिकते, म्हणून चित्रं हलताना दिसतात, असा फलक आम्ही केला. एका पाहुण्यांनी तो चूक असल्याचं सांगितलं. (विज्ञान मंडळ, नाशिक)

पाहुणे बरोबर होते. प्रतिमा टिकते हे खरं, पण त्यातून हालचाल निघत नाही. नुसती टिकली असती तर न्यूटनच्या तबकडीत सात रंग एकत्र होऊन पांढुरके दिसतात, तशी घोड्याची बारा चित्रं एकावर एक साचून चोवीस नव्हे, अठ्ठेचाळीस पायांचं गिचमिड झालं असतं.

माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग फलकावर घ्या. दोन रेघा वेगवेगळ्या जागी आलटून पालटून दाखवायच्या. दोन्हींमधलं अंतर सुमारे ३० मिलिसेकंद असेल तर दोन्ही एकदमच दिसतात. २०० असेल तर एकीनंतर दुसरी. सुमारे ६० ला मात्र एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. मधली हालचाल कागदावर नसते, ती मेंदू तयार करतो.

दृष्टिसातत्याचं काम वेगळं आहे, लुकलुक लपवण्याचं. चित्रपटगृहातल्या फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये सेकंदाला २४ चित्रं असली तरी पाकळ्यांचं फिरतं शटर प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवतं, म्हणजे ४८ किंवा ७२ झपके. २४ झपक्यांवर पडदा थरथरताना जाणवतो.

हे दोन परिणाम एकाच टेबलावर दाखवता येतात. एका बाजूला थॉमाट्रोप ठेवा. १८२५ च्या सुमारास लंडनमध्ये लोकप्रिय झालेलं हे खेळणं म्हणजे पुठ्ठ्याची चकती, एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा. ७ सेंटिमीटरची चकती पुरे. दोऱ्या डाव्या-उजव्या कडांना असतील तर मागचं चित्र उलटं, डोकं खाली करून काढायचं. निम्म्या शाळा हे विसरतात आणि पिंजरा पालथा पडतो. फिरवलं की पक्षी पिंजऱ्यात दिसतो पण हलत नाही : हे दृष्टिसातत्य. शेजारी झोएट्रोप : ही हालचाल. फलकावर दोन ओळी पुरतील.

प्रश्न : वडील सत्तरच्या दशकात मुंबईत जाहिरातपटांच्या स्टुडिओत होते. त्यांनी आणलेल्या तीसेक सेल बटर पेपरमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. काहींचा रंग तडकतोय, काहींना कागद चिकटलाय. प्रदर्शनात द्यायच्या आहेत. लॅमिनेट करून द्याव्यात का? (रत्नागिरी)

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णता आणि दाब दोन्ही घातक, आणि एकदा केलं की परत फिरता येत नाही.

सेल म्हणजे काय, ते तरुण वाचकांसाठी : पारदर्शक पत्रा, त्याच्या पुढच्या बाजूला पात्राची रेघ आणि मागच्या बाजूला रंग. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत अर्ल हर्डने याचं पेटंट घेतलं आणि दर चित्रात पार्श्वभूमी पुन्हा काढण्याचा त्रास संपला. तुमच्या सेल सत्तरच्या दशकातल्या आहेत, तेव्हा बहुधा ॲसिटेटच्या असाव्यात. पेट घेणाऱ्या नायट्रेटचा काळ त्याआधीच संपला होता.

ॲसिटेट म्हातारं होतं तेव्हा व्हिनेगरसारखा वास सुटतो. तो आम्लाचा वास, आणि ते आम्ल कोंडून राहिलं की ऱ्हास आणखी वेगाने होतो. म्हणून पहिलं काम म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी काढा. वास येणाऱ्या सेल इतरांपासून वेगळ्या करा. आम्लामुळे निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होणाऱ्या तपासपट्ट्या मिळतात, त्या पाकिटात ठेवल्या की नाकावर विसंबावं लागत नाही.

रंग तडकण्याचं कारण हवेत आहे. सेलचा रंग बहुधा डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेला असतो. हवा फार कोरडी झाली की तो आक्रसतो आणि गुळगुळीत पत्र्यावरून सुटतो. कोकणातल्या पावसाळ्यात उलट होतं : रंग मऊ पडतो, समोरचा कागद धरून ठेवतो, बुरशीही येते. तुमच्याकडे दोन्ही झालेलं दिसतं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि शक्य तितकी स्थिर हवी. आर्द्रतामापक घ्या आणि मगच सिलिका जेलचा विचार करा; मापकाशिवाय कपाटात सिलिका जेलच्या पुड्या भरल्या तर उरलेला रंगही सुटेल.

चिकटलेला कागद ओढू नका, वाफ देऊ नका, ओल्या कापसाने पुसू नका. पाण्याने रंगच निघतो. कागदासकट सपाट ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे. बाकीच्या सेल एकेक करून आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडव्या ठेवा. थप्पीचा भार पडू देऊ नका. पीव्हीसीचे फोल्डर टाळा. कडा कापू नका, कारण खालच्या कडेची भोकं आणि कोपऱ्यातले आकडे यांवरूनच ती कुठल्या दृश्यातली कितवी सेल ते कळतं.

स्कॅनरच्या काचेवर दाबू नका. वरून कॅमेरा लावून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे ठेवून फोटो घ्या, पुढचाही आणि मागचाही.

प्रदर्शनात द्यायची असेल तर तीसमधल्या रंग घट्ट असलेल्या दोन-तीनच द्या, बाकीच्यांच्या छापील प्रती लावा. चौकटीत काच सेलला टेकता कामा नये, ४-५ मिलिमीटरची मोकळी जागा माउंटने राखा. प्रकाश ५० लक्सपेक्षा जास्त नको, आणि तोही काही आठवडेच. मांडणीसाठी एक सुचवतो : सेल पार्श्वभूमीच्या चित्राला चिकटवून लावण्याची पद्धत आहे, तसं न करता मध्ये सेंटिमीटरभर अंतर ठेवा आणि दिवा थोडा बाजूने सोडा. पात्राची सावली मागच्या चित्रावर पडते आणि हे थर आहेत हे न सांगता कळतं. एका सेलमागे आरसा ठेवला तर मागचा सपाट, रेघेबाहेर गेलेला रंगही दिसतो. लोक सगळ्यात जास्त वेळ तिथेच रेंगाळतात.

प्रश्न : आमच्या भागातली चित्रकथी पाहता ‘ॲनिमेशनचा उगम पिंगुळीत’ असं शीर्षक द्यावं असा विचार आहे. योग्य होईल का? (ग्रंथालय कार्यकर्ते, कुडाळ तालुका)

नको. पिंगुळीला त्या शिफारशीची गरज नाही. ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे पोथीतलं एकेक चित्र पुढे करत गाऊन सांगितलेली कथा. चित्रांची मालिका आहे, पण चित्र स्वतः हलत नाही. हलते ती गोष्ट. तिथल्याच चामड्याच्या छायाबाहुल्यांत हालचाल आहे, पण ती हातांनी, प्रेक्षकांसमोर, त्याच क्षणी होते. ॲनिमेशनमध्ये हालचाल तुकड्या-तुकड्यांत आधी रचून ठेवलेली असते. हा फरक दाखवला तरच दोन्ही कलांचा मान राहतो. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे फलकावर असू द्या. शेजारी लोटे रायनिगर यांचं नाव घ्या. बर्लिनजवळ पॉट्सडॅममध्ये काम करून त्यांनी १९२६ मध्ये काळ्या पुठ्ठ्याच्या, तारेने सांधलेल्या आकृत्या खालून उजळलेल्या काचेवर ठेवून, कॅमेरा वर टांगून पूर्ण लांबीचा चित्रपट केला. साम्य दिसेल. वारसा मात्र सांगू नका.

मराठी मुलखाचा खरा धागा वेगळा आहे आणि तो भक्कम आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी हाताने रंगवलेल्या काचांवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडणाऱ्या मॅजिक लँटर्नचे खेळ ‘शांबरिक खरोलिका’ नावाने सुरू केले ते १८९२ च्या सुमारास, म्हणजे रेनो पॅरिसमध्ये खेळ करत होता त्याच काळात. शंबर हा मायावी असुर, त्यावरून शांबरिक. या दोन ठिकाणांना जोडणारा नकाशा भिंतीवर काढा, फार बोलावं लागणार नाही.

मग दादासाहेब फाळके. वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित करून त्यांनी रोप वाढताना दाखवलं. हे काटेकोर अर्थाने ॲनिमेशन नव्हे, पण एकेक चौकट थांबून घेण्याची रीत तीच. पुढे त्यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केला. तो आज उपलब्ध नाही, आणि फलकावर तसं स्पष्ट लिहा.

त्याच्या जागी मुलांकडून आगकाड्यांची स्वतःची फीत करून घ्या आणि ती फाळक्यांची नाही असं खाली लिहा. ५ सेकंदांसाठी सेकंदाला १२ प्रमाणे ६० फोटो. दर फोटोला काडी ३ ते ५ मिलिमीटर हलवायची. मोबाइल वरून घट्ट बांधा. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही कुलूपबंद करा, नाहीतर दर फोटोत उजेड बदलून फीत लुकलुकते. खिडक्या बंद, कारण ढग सरकला तरी तेच होतं. पांढरा शर्ट घातलेला मुलगा टेबलाशी वाकला तरी उजेड बदलतो. आणि पंखा बंद. चाळिसाव्या फोटोला वाऱ्याने काड्या उडाल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मुंबईचा आहे. १९५६ मध्ये डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेत शिकवायला आले. त्यांचं बालपण भारतातच गेलं होतं. त्यांच्याकडे शिकलेल्यांत पुढे नावाजलेले ॲनिमेशनकार राम मोहन होते. त्या काळातला ‘द बॅनियन डिअर’ हा लघुपट जातककथेवरचा. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला, त्यातलं ॲनिमेशन भीमसेन यांचं. चाळिशीपुढचा प्रेक्षक त्याच्यासमोर उभा राहून गुणगुणणार, तेव्हा तो पडदा दारापाशी लावू नका, गर्दी अडते.

प्रश्न : कार्टूनमध्ये सेकंदाला २४ चित्रं असतात असं लिहू का?

चौकटी २४. चित्रं बहुधा १२, कारण एक चित्र दोन चौकटींसाठी धरतात. ओसामु तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून जपानी दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला सुरू झाली, तेव्हा एवढंही परवडेना. एक चित्र तीन चौकटी, बोलताना फक्त ओठ हलवायचे, जुनी चित्रं जपून पुन्हा वापरायची. ही काटकसर पुढे जपानी ॲनिमेशनची शैली ठरली, आणि सांस्कृतिक प्रभावाच्या दालनात कपडे-खेळण्यांपेक्षा या गोष्टीला जास्त जागा द्यावी असं आमचं मत.

प्रश्न : पडद्यावर जुने कार्टूनपट सतत चालू ठेवले तर कॉपीराइटची अडचण येईल का? (सार्वजनिक वाचनालय, सांगली)

भारतात चित्रपटाचा हक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. १९६४ चा चित्रपट २०२५ च्या १ जानेवारीला मुक्त झाला. एमिल कोल यांचा १९०८ चा ‘फँतास्मागोरी’ निर्धास्त दाखवा : दोन मिनिटांहून छोटा, काळ्या रेघेने पांढऱ्या कागदावर काढून निगेटिव्ह छापल्यामुळे फळ्यावरच्या खडूसारखा दिसणारा. मात्र मूकपटांच्या नव्या प्रतींवर अलीकडे चढवलेलं संगीत असतं, त्याचे हक्क वेगळे. आवाज बंद ठेवा. तसंही दिवसभर तीच धून ऐकून स्वयंसेवक पळून जातात.

शाळेत प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी असतील तर कायद्यात चित्रपट दाखवायला सवलत आहे. सार्वजनिक वाचनालयाला ती लागू धरू नका. अलीकडचं काही दाखवायचं असेल तर लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : मार्चमध्ये टोकियोला जाणार आहोत. जिबली या ॲनिमेशन स्टुडिओच्या संग्रहालयाचं तिकीट दारात मिळतं का? (पुणे)

नाही, दारात तिकीट विकतच नाहीत. पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला जपानच्या सकाळी १० वाजता ऑनलाइन खुली होतात. म्हणजे तुमच्यासाठी १० फेब्रुवारी, भारतीय वेळ सकाळी ६.३०. मोठ्यांचं तिकीट १,००० येन. दिवसासोबत प्रवेशाची वेळही निवडावी लागते. ज्याच्या नावाने तिकीट काढलं त्याने पासपोर्ट सोबत ठेवावा. मंगळवारी सहसा बंद असतं. शिंजुकूहून चुओ मार्गाने मिताका स्टेशन सुमारे २० मिनिटं, तिथून कालव्याकडेने चालत आणखी १५-२० मिनिटं.

आत फोटो काढता येत नाहीत. त्रिमितीय बाहुल्यांचा फिरता झोएट्रोप तिथल्या एका दालनात आहे, आणि तो लुकलुकत्या दिव्यावर चालतो. पहिल्या उत्तरातला इशारा तिथेही लागू.